हुद्द्याचा दिनांक

माझ्या मेजरपदाच्या आदेशावर ९ मार्च २०२३ ही तारीख आहे. माझ्या मते ती ४ मार्च २०२२ असायला हवी होती. या दोन तारखांमध्ये ३७० दिवसांचे अंतर आहे आणि ते कमी व्हावे म्हणून मी केलेल्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. गेल्या महिन्यात त्या अर्जावर एक अभिप्राय आला आणि त्याला उत्तर देण्यासाठी मला काही दिवस मिळाले. उत्तर लिहिताना सगळे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागले. सैन्यात नसलेल्या वाचकाला एका तारखेसाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून ही हकिगत सविस्तर लिहितो आहे.

मी अमेरिकेतील आर्मी नॅशनल गार्डमध्ये अधिकारी आहे. ही राखीव सेवा आहे. कायद्याप्रमाणे वर्षाला किमान ४८ ड्रिल, म्हणजे सरावाची सत्रे, आणि १५ दिवसांचे प्रशिक्षण करावे लागते. एका शनिवार-रविवारात चार ड्रिल धरतात, त्यामुळे व्यवहारात महिन्याला एक वीकएंड आणि वर्षातून दोन आठवडे असा हिशेब होतो. उरलेल्या दिवसांत मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आहे. गार्डच्या अधिकाऱ्याला या देशाचे नागरिकत्व असावेच लागते. ते मिळाल्यानंतर मी राज्याच्या ऑफिसर कॅंडिडेट स्कूलमधून सेकंड लेफ्टनंट झालो, तेव्हा माझे वय बरोबरीच्या बहुतेकांपेक्षा बरेच जास्त होते. हे वय पुढच्या हिशेबात महत्त्वाचे ठरते.

गार्डच्या अधिकाऱ्याची पदोन्नती दोन ठिकाणी व्हावी लागते, आणि या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने मिलिशियाचे, म्हणजे राज्यांच्या नागरिक-सैन्याचे, अधिकारी नेमण्याचा हक्क राज्यांकडे राखून ठेवला आहे. दुसरीकडे, १९३३ च्या कायद्याने गार्डमधील प्रत्येकाला एकाच वेळी राज्याच्या गार्डचा आणि केंद्राच्या राखीव सैन्याचा सदस्य केले. १९९० साली पर्पिच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या रचनेचे वर्णन करताना म्हटले की गार्डच्या माणसाच्या कपाटात तीन टोप्या असतात, एक नागरिकाची, एक राज्याच्या मिलिशियाची आणि एक सैन्याची, आणि एका वेळी त्यांतली एकच डोक्यावर असते. पदोन्नतीच्या वेळी यांतल्या दोन टोप्या स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात. आधी राज्य आपला आदेश काढते. त्यानंतर त्या हुद्द्याला केंद्राची मान्यता मिळते, जिला फेडरल रेकग्निशन म्हणतात. ती मिळेपर्यंत राज्याच्या कागदावर मी मेजर आणि केंद्राच्या नोंदीत कॅप्टनच होतो. पगार, सेवाज्येष्ठता आणि पुढच्या निवड मंडळासमोर जाण्याची पात्रता हे सर्व केंद्राच्या नोंदीवर चालते.

राज्याने माझा आदेश काढला तो ४ मार्च २०२२ रोजी. मेजरसाठी लागणारा कॅप्टन्स करिअर कोर्स मी पूर्ण केला होता, मूल्यमापन अहवाल वेळेवर गेले होते, वैद्यकीय तपासणी झाली होती आणि मेजरची रिकामी जागा मला मिळालेली होती. माझ्या प्रस्तावाची फाईल त्याच महिन्यात वर पाठवली गेली, असे मला सांगण्यात आले. मे महिन्यात मी ईमेलने चौकशी केली. उत्तर एका ओळीचे होते: फाईल प्रक्रियेत आहे. त्यावर विश्वास ठेवून मी पुन्हा विचारले नाही.

प्रत्यक्षात १४ जूनला ती फाईल त्रुटी दाखवून परत आली होती. सुरक्षा पडताळणीच्या पानावरची तारीख जुनी झाली होती आणि नवे पान जोडायला सांगितले होते. हे मला कोणी कळवले नाही. ११ सप्टेंबरला, रविवारच्या ड्रिलच्या दिवशी, दुसऱ्याच कामासाठी कार्यालयात गेलो असताना मला ते समजले. नवे पान मी दोन दिवसांत मिळवून दिले. पुन्हा काही आठवडे गेले आणि १७ ऑक्टोबर २०२२ रोजी फाईल परिपूर्ण व तपासणीस योग्य असल्याची नोंद झाली. तेथून मान्यता मिळेपर्यंत आणखी १४३ दिवस लागले. म्हणजे ३७० दिवसांपैकी पहिले २२७ दिवस फाईल अपूर्ण होती आणि नंतरचे १४३ दिवस ती पूर्ण होऊन थांबली होती. हे दोन आकडे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यातील फरकाचा आहे.

ज्यांच्या टेबलावर ती फाईल पडून होती त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्या काळात ते एकटे तीन माणसांचे काम पाहत होते. पुढे मी अर्ज करणार असल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतःहून सहीचे निवेदन लिहून दिले की त्रुटीची सूचना त्यांच्याकडे आली होती आणि ती माझ्यापर्यंत पोहोचवायची राहून गेली. स्वतःची चूक कागदावर देणे सोपे नसते. माझ्या अर्जातील सर्वांत भक्कम पुरावा हे निवेदन आहे.

आता तारखेचे महत्त्व. एकाच हुद्द्याच्या दोन अधिकाऱ्यांमध्ये ज्येष्ठ कोण, हे ज्याच्या हुद्द्याचा दिनांक आधीचा त्यावरून ठरते. राखीव अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतासूचीत क्रम या दिनांकाप्रमाणे लागतो आणि कोणत्या वर्षी कोणाचा विचार व्हायचा हेही त्याच क्रमाने ठरते. मेजरला लेफ्टनंट कर्नलच्या निवडीसाठी त्या हुद्द्यात किमान तीन वर्षे पूर्ण करावी लागतात. २०२४ च्या उन्हाळी प्रशिक्षणात आमचे कमांडर काही दिवस बाहेर गेले, तेव्हा तात्पुरती सूत्रे माझ्या एका मित्राकडे गेली. राज्याने त्याला माझ्या नंतर चार महिन्यांनी बढती दिली होती, पण त्याची फाईल कुठेही न अडकता पुढे गेली आणि केंद्राच्या नोंदीत तो माझ्या आधी मेजर झाला. त्याने ते काम उत्तम केले आणि त्याच्या क्षमतेविषयी मला शंका नाही. सूत्रे त्याच्याकडे देणाऱ्यांनीही नियमाप्रमाणेच केले. फक्त ज्या तारखेवर तो नियम लावला गेला, ती तारीख एका न पोहोचलेल्या निरोपामुळे तयार झालेली होती.

माझ्या बाबतीत वयाचाही प्रश्न आहे. मी उशिरा अधिकारी झालो, आणि राखीव अधिकाऱ्याला सर्वसाधारणपणे वयाच्या बासष्टाव्या वर्षी थांबावे लागते. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त व्हायचे तर त्या हुद्द्यात साधारणपणे तीन वर्षांची समाधानकारक सेवा लागते. तिशीत मेजर होऊ पाहणाऱ्या तरुणाला एक वर्ष मागेपुढे झाल्याने फारसे बिघडत नाही. माझ्यासारख्याला ते वर्ष शेवटी मोजले जाते, आणि तिथे ते जास्तीचे मिळत नाही. पगारातील फरकही आहे, तो मला हवाच आहे आणि तसे म्हणण्यात मला संकोच वाटत नाही. मात्र महिन्यातून एका वीकएंडच्या कामातला तो फरक एवढा नाही की केवळ त्यासाठी मी दोन वर्षे कागद गोळा करावेत.

या विषयावर वडिलांशी फोनवर बोललो तेव्हा मी अर्धा तास फेडरल रेकग्निशन समजावून सांगत होतो. ते सरकारी नोकरीत होते. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अरे, म्हणजे तुला मानीव दिनांक हवा आहे." एका शब्दात त्यांनी माझे प्रकरण मांडले. पदोन्नती ज्या दिवशी प्रत्यक्ष झाली तो दिवस एक, आणि चूक झाली नसती तर ती ज्या दिवशी झाली असती तो दिवस दुसरा. हा दुसरा दिवस खरा मानून ज्येष्ठता द्यायची, म्हणजे मानीव दिनांक देणे. पुढे ते म्हणाले, "मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही, आणि मागताना चूक कोणाची हे कागदानेच दाखवावे लागते. तोंडी काही उपयोगाचे नाही." गेल्या दोन वर्षांत मला जितके सल्ले मिळाले, त्यांत याहून नेमका सल्ला नव्हता.

पण मानीव दिनांक देण्यात इथे एक अडचण आहे, आणि ती किरकोळ नाही. पदोन्नती ही कायद्याच्या दृष्टीने नव्या हुद्द्यावरची नवी नेमणूक असते. राखीव सैन्यात लेफ्टनंट कर्नलपर्यंतच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष एकट्याने करतात आणि त्यावरच्या नेमणुकांना सेनेटची संमती लागते. राष्ट्राध्यक्षांच्या वाट्याचा हा अधिकार संरक्षणमंत्र्यांकडे सोपवलेला आहे. नावांची यादी तयार होते, तिला स्क्रोल म्हणतात, आणि तिच्यावर सही झाल्यावरच नेमणुकीला अर्थ येतो. सैन्याच्या नोंदींत दुरुस्ती करणारे मंडळ आर्मीच्या सेक्रेटरींच्या, म्हणजे संरक्षणमंत्र्यांच्या हाताखालील लष्कर खात्याच्या नागरी प्रमुखांच्या, नावाने काम करते. वरच्या अधिकाऱ्याने केलेली नेमणूक त्याच्या सहीच्या आधीच्या दिवशी झाली होती, असे खालच्या अधिकाऱ्याने कसे म्हणावे? जुने निर्णय वाचताना मला हे उत्तर पुन:पुन्हा भेटले: विलंब झाला हे खरे, परंतु नेमणुकीची प्रक्रिया एवढ्या वरच्या पातळीवर नेल्याचा तो अपरिहार्य परिणाम आहे आणि अर्जदारावर त्यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. हा युक्तिवाद मला पटत नसला तरी समजतो. नेमणुकीचा अधिकार ज्याचा आहे, त्याच्या सहीला किंमत असलीच पाहिजे.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ही अडचण अलीकडच्या वर्षांत कायद्यातच सोडवायचा प्रयत्न केला. अमेरिकी संहितेच्या दहाव्या शीर्षकातील कलम १४३०८ मध्ये गार्डच्या अधिकाऱ्यांसाठी तरतूद आली. राज्याकडून आलेली फाईल परिपूर्ण व तपासणीस योग्य ठरल्यापासून मान्यतेला १०० दिवसांहून अधिक काळ लागला, आणि तो विलंब त्या अधिकाऱ्याच्या कृतीमुळे किंवा निष्क्रियतेमुळे झालेला नसला, तर पदोन्नतीचा दिनांक मागे नेता येतो. राज्याची पदोन्नती १ जानेवारी २०२४ च्या आधीची असेल तर सेक्रेटरी तो दिनांक ठरवू शकतात, अट एवढीच की तो राज्याच्या आदेशाच्या आधीचा नसावा. त्या दिवसापासून पुढच्या पदोन्नतींसाठी मात्र दिनांक बदलणे बंधनकारक केले आहे. पहिल्या गटाला "बदलता येईल" आणि दुसऱ्या गटाला "बदलला पाहिजे". मी पहिल्या गटात आहे. माझे १४३ दिवस शंभराच्या पुढचे आहेत, त्यामुळे दार उघडते, पण दारातून किती आत जाऊ द्यायचे हे सेक्रेटरींच्या विवेकावर आहे.

या तरतुदीचे मला मनापासून स्वागत आहे, आणि तरीही तिच्यातली एक उणीव माझ्या प्रकरणात ठळकपणे दिसते. घड्याळ सुरू होते ते फाईल परिपूर्ण ठरल्यावर. त्याआधी ती एखाद्या टेबलावर दोन महिने किंवा आठ महिने पडून राहिली, तरी ते दिवस शंभरात धरले जात नाहीत. समजा, फाईल पूर्ण झाल्यावर मला ९० दिवसांत मान्यता मिळाली असती. तर आधीचे २२७ दिवस वाया जाऊनही या तरतुदीखाली मला काहीच मागता आले नसते. पुढचा टप्पा रेंगाळला म्हणून मला दाद मागता येते आहे, आणि मला खरी तक्रार आहे ती मात्र आधीच्या टप्प्याची.

राज्याच्या पातळीवरचे उपाय २०२४ च्या अखेरीस संपल्यावर मी १० फेब्रुवारी २०२५ रोजी डीडी फॉर्म १४९ भरून आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्सकडे, म्हणजे वर उल्लेख केलेल्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे, अर्ज केला. या मंडळाचा इतिहास वाचनीय आहे. १९४६ पूर्वी लष्करी नोंदीतली चूक सुधारायची तर आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला गाठून काँग्रेसमध्ये खास आपल्या नावाचे विधेयक आणावे लागे. अशा विधेयकांचा ढीग साचला, तेव्हा १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने ती बंद केली आणि नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार त्या त्या खात्याच्या सेक्रेटरींना दिला. त्यांनी तो नागरी सदस्यांच्या मंडळांमार्फत वापरायचा असतो. माझ्या अर्जावर निर्णय देणाऱ्यांच्या अंगावर गणवेश नसेल, याचे मला समाधान वाटते. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत शिथिल करू शकते, पण मी त्या भरवशावर राहिलो नाही. प्रत्यक्ष सुनावणीचा हक्क अर्जदाराला नसतो, सर्व काही कागदावर चालते. प्रशासनाने काम नियमाप्रमाणे केले असे गृहीत धरूनच सुरुवात होते आणि ते तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. मंडळाचे जुने निर्णय नावे काढून सर्वांना वाचण्यासाठी ठेवलेले आहेत. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी वकील शोधण्याच्या आधी ते वाचावेत. नाकारलेले अर्ज अधिक काळजीपूर्वक वाचावेत, कारण आपल्या अर्जात काय नाही हे त्यांतून कळते.

मंडळ निर्णयाआधी संबंधित कार्यालयाचा अभिप्राय मागवते आणि त्याची प्रत अर्जदाराला देते. तोच अभिप्राय गेल्या महिन्यात आला. त्यात माझी विनंती अंशतः मान्य करण्याची शिफारस आहे: दिनांक १७ ऑक्टोबर २०२२ करावा, म्हणजे १४३ दिवस द्यावेत. आधीच्या २२७ दिवसांबद्दल एकच परिच्छेद आहे. अधिकाऱ्याने स्वतःच्या पदोन्नतीच्या प्रस्तावाचा पाठपुरावा करणे अपेक्षित असते, आणि अर्जदाराने मे ते सप्टेंबर या काळात कोणतीही चौकशी केल्याचे दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे.

हा परिच्छेद मी अनेकदा वाचला. पहिल्या वाचनात तो अन्यायकारक वाटला, नंतर तितका वाटला नाही. मे महिन्यानंतर मी विचारले नाही, हे सत्य आहे. माझ्या हाताखालच्या एखाद्या लेफ्टनंटने असे केले असते तर मीही त्याला म्हटले असते की बाबा रे, आपली फाईल आपण पाहावी. घरातूनही मला हेच ऐकावे लागले. पत्नी म्हणाली, "तुम्ही पाण्याच्या प्रत्येक पंपाची नोंद दर आठवड्याला तपासता, आणि स्वतःची फाईल चार महिने पाहिली नाहीत?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरी कायद्यातील "निष्क्रियता" या शब्दाचा अर्थ एवढा रुंद करता येईल, असे मला वाटत नाही. निष्क्रियता म्हणजे जे करणे माझ्यावर बंधनकारक होते ते न करणे. त्रुटी दाखवणारा कागद माझ्याकडे आला असता आणि मी तो बाजूला ठेवला असता, तर विलंब माझा ठरला असता. तो आलाच नाही. ज्या दिवशी कळले त्यानंतर दोन दिवसांत पूर्तता झाली, यावरून जूनमध्ये कळले असते तर काय झाले असते याचा अंदाज बांधता येतो. शिवाय मी विचारले तेव्हा "प्रक्रियेत आहे" असे उत्तर मिळाले होते. अधिकृत उत्तरावर विसंबणे हा दोष ठरू लागला, तर प्रत्येकाला दर आठवड्याला तोच प्रश्न विचारावा लागेल आणि आधीच तिघांचे काम करणाऱ्या त्या एका माणसाचा दिवस उत्तरे देण्यातच संपेल.

माझे उत्तर दोन पानांचे झाले आहे. पहिल्या पानावर मी मान्य केले आहे की मे ते सप्टेंबर या काळात मी चौकशी केली नाही. हे वाक्य ठेवावे की नाही यावर एका निवृत्त कर्नलसाहेबांशी, ज्यांनी मला अर्जात पहिल्यापासून मदत केली, माझा बराच वाद झाला. आपल्या विरोधात जाणारी गोष्ट आपण होऊन कशाला लिहायची, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते वाक्य ठेवले. ती गोष्ट अभिप्रायात आलेलीच आहे, आणि निवेदन देणाऱ्या माणसाने स्वतःची चूक लिहून दिलेली असताना मी माझी गाळणे मला पटले नाही. दुसऱ्या पानावर विनंती आहे. मुख्य विनंती ४ मार्च २०२२ या दिनांकाची. ते मंडळाला मान्य नसेल तर १४ जून २०२२ धरावा, कारण त्या दिवशी निरोप पोहोचला असता तर फाईल त्याच आठवड्यात पूर्ण झाली असती. तेही मान्य नसेल तर अभिप्रायात सुचवलेला १७ ऑक्टोबर.

मधला दिनांक मला सर्वांत जास्त पटतो, हे इथे लिहायला हरकत नाही. पान जुने झाले यात कोणाचा दोष काढणे कठीण आहे, आणि तो काळ माझ्या खात्यावर टाकला गेला तर मी तक्रार करणार नाही. जूनपासून पुढचे दिवस मात्र मी सोडू इच्छित नाही. असे अर्ज बहुतांशी दहा महिन्यांत आणि कोणताही अर्ज अठरा महिन्यांच्या आत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. माझा अर्ज त्या दुसऱ्या मुदतीकडे सरकतो आहे. निवेदन, मे महिन्यातील ईमेल आणि फाईलच्या हालचालींची छापील नोंद अशी तीन सहपत्रे जोडून, मुदत संपण्याच्या चार दिवस आधी, काल रात्री मी उत्तर पाठवले.